रेडिएशन चालू असताना बाकीच्या अंगाला किती लागतं? शिशाचा एप्रन मागितला तर हसले

आभाळवेडी:

नमस्कार मंडळी. वय ३९, डाव्या बाजूचा ब्रेस्ट कॅन्सर, लवकर सापडला, गाठ काढून झाली, आता रेडिएशन चालू आहे. १५ सिटिंग आहेत त्यातली ४ झाली. आजी याला 'शेक देणं' म्हणायची, मला तोच शब्द बरा वाटतो, निदान त्यात ऊब तरी आहे. इथे काहीच वाटत नाही, ना गरम ना दुखत, आणि खरं सांगू तर त्या काहीच न वाटण्याचीच धास्ती जास्त वाटते.

रोजचा प्रकार असा की हात डोक्यावर घेऊन टेबलावर झोपायचं, छातीवर शाईचे बारीक ठिपके गोंदलेत त्यांच्यावर लेझरच्या रेघा आणून बसवतात, दोघी टेक्नॉलॉजिस्ट मला मिलिमीटर मिलिमीटर सरकवतात, "ताई आता हलू नका" म्हणतात आणि दोघीही चक्क पळतात. पळतात म्हणजे भराभर चालत बाहेर, मग ते हत्तीएवढं जाड दार सरकत सरकत बंद होतं, आणि आत मी एकटी, अर्धी उघडी. जे त्यांना एक सेकंद नको ते मला रोज कसं चालतं?

तर दुसऱ्या दिवशी मी म्हटलं की गळ्यावर आणि पोटावर काहीतरी शिशाचं टाका ना, दाताच्या एक्सरेला पण टाकतात. त्यातली एक हसली, म्हणाली त्याचा इथे उपयोग नसतो, आणि पुढच्या पेशंटची फाइल उघडली. अपमान वगैरे नाही वाटला पण उत्तरही नाही मिळालं.

आता खरी खुपणारी गोष्ट. वेटिंगमध्ये शेजारी बसणाऱ्या बाईंना व्हीमॅट देतायत, मशीन त्यांच्याभोवती फिरत फिरत किरण सोडतं म्हणे. मला मात्र "साधं टँजेंट". मशीन तेच! म्हणजे नवीन पद्धत हाताशी असताना मला जुनी का? जुनीत आजूबाजूला जास्त सांडतं का? उजवा स्तन, थायरॉइड, ओव्हरी यांचं काय? आणि मुलगी ६ वर्षांची आहे, रात्री मला चिकटून झोपते, गेले चार दिवस मी तिला काहीतरी कारण काढून बाजूला झोपवतेय. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा. 'पॉझिटिव्ह राहा' हे कृपया नको.

---

मंदार_वारा:

ताई काळजी करू नका, सगळं छान होईल, पॉझिटिव्ह राहा 🙏

---

लिनॅकवाला:

वरच्या प्रतिसादावर काय बोलणार 😄

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, म्हणजे डॉक्टर नाही, ते मशीन मोजणारा माणूस. जरा लांब लिहितो.

आधी मुलीचं, कारण ते आज रात्रीच सुटायला हवं. तिला कुशीत घेऊन झोपा. बाहेरून मशीनने दिलेल्या रेडिएशनमुळे तुमच्या अंगात काही उरत नाही. लिनॅक म्हणजे तुमचं ते मशीन, त्यात इलेक्ट्रॉन पळवून टंगस्टनच्या तुकड्यावर आदळवतात, त्यातून एक्सरे निघतात, आदळणं थांबलं की एक्सरे संपले, दिवा बंद केल्यावर खोलीत उजेड उरत नाही तसं. घरच्यांपासून लांब राहायचा नियम थायरॉइडसाठी रेडिओॲक्टिव्ह आयोडीन प्यायलेल्यांना असतो, किंवा शरीरात कायमच्या बिया बसवलेल्यांना. लोक हे सगळं एकाच पिशवीत टाकतात.

दाराचं. टेबलावरच्या पेशंटपासून एक मीटरवर कुणी उभं राहिलं तर पेशंटला मिळणाऱ्या डोसच्या साधारण हजाराव्या भागाच्या आसपास त्याला लागतं. तुम्हाला बहुतेक १५ सिटिंगमध्ये ४० ग्रे (अंगात शोषल्या जाणाऱ्या रेडिएशनचं माप) देतायत, म्हणजे एका वेळेला २.६७ ग्रे. त्याचा हजारावा भाग अडीच-पावणेतीन मिलिग्रे. कर्मचाऱ्यांची वर्षाची मर्यादा सरासरी २० मिलिसिव्हर्ट (इथे एक मिलिसिव्हर्ट म्हणजे एक मिलिग्रेच धरा). आठ-दहा पेशंट झाले की वर्षाचा कोटा संपला, तोही दुपारच्या आत! आणि त्यांना त्यातून फायदा शून्य. म्हणून पळतात. पळताना चेहरा जरा बरा ठेवला पाहिजे हे मात्र मान्य.

आता मुद्द्याचं. फील्डच्या, म्हणजे जिथे मुद्दाम किरण द्यायचेत त्या भागाच्या, बाहेर जे लागतं ते तीन वाटांनी येतं. एक, मशीनच्या डोक्यातून होणारी गळती. डोक्याला सगळीकडून जाड शिसं-टंगस्टन असतं तरी थोडं झिरपतंच, आणि आंतरराष्ट्रीय मानक असं की पेशंटच्या पातळीत ही गळती सरासरी ०.१ टक्के आणि कुठेही ०.२ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. चांगली मशीनं याच्या बरीच खाली असतात. दोन, किरणांना आकार देणारे जबडे आणि एमएलसीची, म्हणजे बीमच्या वाटेत सरकणारी धातूची पानं, त्यांच्या कडांवरून उडणारे किरण. आणि तीन म्हणजे तुम्ही स्वतः. किरण अंगात शिरले की आतल्या आत उधळतात. खिडकीतून कवडसा येतो तेव्हा त्याच्या बाहेरची धूळपण थोडी उजळते ना, तसंच.

फील्डच्या काठाजवळ ही तिसरी आणि दुसरी वाट मोठी, लांब गेलं की पहिली. ढोबळ आकडे असे की काठापासून १० सेंमीवर साधारण १ टक्का, ३० सेंमीवर ०.१ टक्क्याच्या आसपास. ४० ग्रेचा ०.१ टक्का म्हणजे ४ सेंटिग्रे (शंभर सेंटिग्रेचा एक ग्रे), आणि हे सगळ्या सिटिंगचं मिळून. ओव्हरी त्याहून लांब. तिथे खरंच फारसं काही पोचत नाही. थायरॉइडला त्याहून जास्त लागतं, आणि गळ्याच्या बाजूच्या लिम्फ नोड्सना पण रेडिएशन देत असतील तर बऱ्यापैकी जास्त, तुमच्या केसमध्ये ते आहे का विचारा.

एप्रन. दाताचा एक्सरे साधारण ७० किलोव्होल्टचा असतो, त्याला अर्धा मिलिमीटर शिसं बऱ्यापैकी अडवतं. तुमचा बीम ६० लाख व्होल्टचा. त्याची गळती निम्मी करायलाच दीड सेंमीच्या आसपास शिसं लागतं. आणि अंगातून उधळत येणाऱ्या किरणांना वरून काय अडवणार, पाणी जमिनीतून वर येतंय आणि आपण छत्री धरून बसलोय असं होतं ते. उलट फील्डच्या अगदी जवळ शिसं ठेवलं तर त्यावरून उडालेले इलेक्ट्रॉन कातडीचा डोस वाढवतात. पेशंट गरोदर असेल तर शील्ड लावतात, पण ते पाच-सहा सेंमी जाडीचं शिसं, स्वतंत्र लोखंडी सांगाड्यावर, कारण अंगावर पडलं तर कॅन्सरची वाट बघायला नको. एवढं करून बाळाचा डोस साधारण निम्मा होतो. तेव्हा तुमची टेक्नॉलॉजिस्ट चुकीचं बोलली नाही, हसायला नको होतं एवढंच.

टँजेंटबद्दल जेवून येऊन लिहितो, तो खरा रंगतदार भाग आहे.

---

शंकासुर:

लिनॅकवाले साहेब, छान समजावलंत, पण तुमच्या धंद्याची बाजू घेतल्याशिवाय राहवलं नाही. २००३ सालीच कोलंबिया विद्यापीठातल्या एरिक हॉल आणि वू यांनी लिहिलंय की आयएमआरटीमुळे (व्हीमॅट त्याच जातीतलं) दुसरा कॅन्सर होण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. मग गेली वीस वर्षं हेच आधुनिक म्हणून का विकताय? आणि कॉम्प्युटरवर जो रंगीत प्लॅन दाखवतात त्यात हे बाहेरचं सांडलेलं दिसतं का, हो की नाही, एका शब्दात सांगा.

---

लिनॅकवाला:

एका शब्दात: अर्धवट.

नाही खरंच, प्रश्न बरोबर आहे. प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर ट्यूमर आणि त्याच्या आसपासचं अचूक काढण्यासाठी बनवलेलं असतं. काठापासून लांब गेलं की ते खरं असतं त्यापेक्षा कमी दाखवतं, आणि जितकं लांब तितकी चूक वाढत जाते. यावर एएपीएमचा, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेचा, आख्खा अहवाल आहे, २०१७ चा, टास्क ग्रुप १५८. त्यामुळे लांबच्या अवयवाचा आकडा हवा असेल तर प्लॅनवर विसंबायचं नाही, मोजायचं.

हॉल आणि वू यांचं म्हणाल तर ते भाकीत होतं, मोजणी नव्हती, आणि तुम्ही 'दुप्पट' म्हणून जे सांगताय तो आकडा १० वर्षं जगणाऱ्या पेशंटमध्ये सुमारे १ टक्क्यावरून १.७५ टक्के असा आहे. दुप्पटच्या जवळपास हे खरं, पण कशाच्या दुप्पट ते पण सांगा ना राव. त्यांचं म्हणणं दोन गोष्टींवर उभं होतं. आयएमआरटीत एमएलसीची पानं सरकत सरकत छोट्या छोट्या फटींतून डोस देतात, त्यामुळे तेवढ्याच डोससाठी मशीन दोन-तीन पट वेळ बीम चालू ठेवतं, म्हणजे गळतीही तेवढी पट. आणि दुसरं, किरण बऱ्याच दिशांनी येतात त्यामुळे थोडा थोडा डोस खूप मोठ्या भागाला लागतो, आमच्यात याला 'लो डोस बाथ' म्हणतात.

पहिल्या गोष्टीवर बरंच काम झालंय. व्हीमॅटला जुन्या आयएमआरटीपेक्षा कमी बीम-वेळ लागतो. फ्लॅटनिंग फिल्टर काढून टाकलेली मशीनं आली, तो डोक्यातला धातूचा शंकू गेला की त्यावरून उडणारं पण गेलं. १५-१८ एमव्हीच्या (एक एमव्ही म्हणजे १० लाख व्होल्ट) बीममध्ये न्यूट्रॉनही तयार होतात म्हणून आयएमआरटी बहुतेक ठिकाणी ६ किंवा १० वर करतात.

दुसऱ्या गोष्टीला मात्र इलाज नाही. तो भूमितीचा प्रश्न आहे. किरण सगळीकडून आत जाणार म्हटल्यावर सगळीकडे थोडं लागणारच. आणि इथेच आभाळवेडी ताईंचं टँजेंट येतं.

टँजेंट म्हणजे काय, तर छातीच्या गोलाईला चाटून जाणारे समोरासमोरचे दोन बीम. आत कमी घुसतात, पलीकडच्या स्तनाकडे तोंड करून जवळजवळ काहीच जात नाही. व्हीमॅटमध्ये मशीन फिरतं, त्यामुळे वळणावळणावर थोडे किरण उजव्या बाजूने आणि फुप्फुसातून आरपार जातात. माझ्या पाहण्यातले आकडे सांगतो, हे दर केसला बदलतात: टँजेंटमध्ये दुसऱ्या स्तनाचा सरासरी डोस १ ग्रेच्या आत, व्हीमॅटमध्ये २-३ ग्रेपर्यंत सहज जातो. मग शेजारच्या बाईंना व्हीमॅट का? त्यांना कदाचित छातीच्या आतल्या नोड्सना पण द्यायचं असेल, किंवा टँजेंटमध्ये हृदय बरंच येत असेल. तिथे व्हीमॅट सरस. म्हणजे तुम्हाला जुनं दिलं म्हणून हळहळताय ते तुमच्या वयाला आणि तुमच्या केसला जास्त चांगलं आहे. नवीन पद्धत म्हणजे कमी सांडणारी पद्धत असं काही नसतं, एका ठिकाणचं जास्त काढून सगळीकडे थोडं थोडं वाटलेलं असतं.

---

शंकासुर:

"तुमच्या वयाला" असं ओझरतं म्हणून पुढे गेलात. वयाचं काय ते सांगा की. ताई ३९ च्या आहेत.

---

लिनॅकवाला:

सांगतो, मुद्दाम थांबलो होतो कारण आकडा नुसता टाकला की माणूस रात्रभर जागतो.

वीकेअर नावाचा अभ्यास आहे, २००८ चा. ५५ च्या आत पहिला ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या बायका घेतल्या, कुणाला नंतर दुसऱ्या स्तनाचा झाला कुणाला नाही, आणि प्रत्येकीच्या दुसऱ्या स्तनाला किती डोस लागला असेल ते काढलं. ४० च्या वरच्या बायकांत रेडिएशनमुळे वाढलेला धोका दिसलाच नाही. ४० च्या खालच्या ज्यांना दुसऱ्या स्तनाला १ ग्रेपेक्षा जास्त लागलं होतं त्यांच्यात रेडिएशन न घेतलेल्यांच्या मानाने अडीच पट. पण त्या बायकांचे उपचार जुन्या काळातले होते, बीमच्या वाटेत धातूची पाचर ठेवायचे डोस सारखा करायला, त्या पाचरीवरून उडणारे किरण पलीकडच्या स्तनावर पडायचे. आता ती पाचर बऱ्याच ठिकाणी गेली, तेच काम एमएलसीची पानं हलवून करतात.

तर तुमच्या बाबतीत बघायची रेघ ती १ ग्रे. ताई, तुमच्या सेंटरच्या फिजिसिस्टला गाठा. टेक्नॉलॉजिस्टला नको, त्यांच्या डोक्यावर दिवसाचे पेशंट असतात. एवढंच विचारा: उजव्या स्तनाचा सरासरी डोस किती, पाचर वापरली आहे का, आणि एकदा टीएलडी लावून मोजाल का. टीएलडी म्हणजे लिथियम फ्लोराइडच्या चकत्या, तीन मिलिमीटरच्या, नखाच्या कोपऱ्यावर मावतील एवढ्या. कातडीवर चिकटवतात, नंतर मशीनमध्ये तापवल्या की साठवलेला डोस उजेड होऊन बाहेर पडतो, तो मोजायचा. मला अजून ते बघायला आवडतं, पंधरा वर्षं झाली तरी.

आणि डावी बाजू आहे म्हणून श्वास धरायला लावतात का तेही बघा. खोल श्वास घेऊन रोखला की हृदय छातीच्या भिंतीपासून मागे सरकतं. २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासात हृदयाच्या सरासरी डोसमध्ये दर एक ग्रेमागे हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढलेला दिसला होता. हे उजव्या स्तनापेक्षा मोठं प्रकरण आहे खरं तर, आणि कुणी विचारत नाही.

---

दुसरी_इनिंग:

मी इथे सहसा लिहीत नाही, वाचते फक्त.

मला १९ व्या वर्षी हॉजकिन्स, म्हणजे लिम्फ नोड्सचा कॅन्सर, झाला होता, नव्वदीच्या दशकात. तेव्हा मँटल फील्ड द्यायचे, म्हणजे हनुवटीपासून पार छातीखालपर्यंत एकच मोठं मैदान, सांडायला उरलं काय होतं, सगळंच फील्डमध्ये. बरी झाले. पूर्ण बरी. डिस्चार्जला "पाच वर्षं तपासायला या" सांगितलं, आणि पाच वर्षांनी "आता यायची गरज नाही". कुणीही, एकानेही सांगितलं नाही की थायरॉइड बघत राहा आणि लवकर मॅमोग्राम सुरू करा. ३१ व्या वर्षी सतत थकवा, केस गळणं, मला वाटलं लेकरामागे धावून होतंय. थायरॉइड बसलेलं होतं. गोळी चालू आहे तेव्हापासून.

मग नवीन डॉक्टरबाईंनी विचारलं किती ग्रे दिले होते, कुठपर्यंत फील्ड होतं. मला काय माहीत! रुग्णालयात गेले तर म्हणे इतकी जुनी कागदपत्रं ठेवत नाही. शेवटी छातीवरच्या गोंदलेल्या ठिपक्यांवरून त्या बाईंनी अंदाज बांधला, मला आरशासमोर उभं करून, बोटाने ठिपके जोडत जोडत. आता दर वर्षी एमआरआय आणि मॅमोग्राम. तरुणपणी छातीला रेडिएशन घेतलेल्यांनी उपचारानंतर ८ वर्षांनी किंवा वयाच्या २५ व्या वर्षी, जे नंतर येईल तेव्हापासून, हे सुरू करायचं असतं. मला कळलं तेव्हा ३२ होते.

आभाळवेडी, आता फील्ड लहान असतात, डोस कमी असतो, तुझं आणि माझं सारखं नाही. पण शेवटच्या दिवशी प्लॅनची प्रिंट मागून घे. डोस, फील्ड, तारीख, सगळं. मिठाई वाटण्याआधी प्रिंट.

---

आभाळवेडी:

दुसरी_इनिंग ताई, काय बोलू. ठिपके जोडून अंदाज बांधला हे वाचून मी माझे ठिपके बघून आले आत्ता.

लिनॅकवाले दादा, मुलगी काल कुशीत झोपली. बाकीचं वाचायच्या आधीच तेवढं केलं. श्वास धरायला लावतात, हो, २० सेकंद, स्पीकरवर बाई सांगते. मला वाटायचं हलू नये म्हणून.

---

पेसर_पुत्र:

धागा थोडा भरकटवतो माफ करा. बाबांना प्रोस्टेटचं रेडिएशन सांगितलंय आणि छातीत पेसमेकर आहे, तो कुठे आणि प्रोस्टेट कुठे, तरी डॉक्टर म्हणतात आधी कार्डिओलॉजिस्टची चिठ्ठी आणा. पेसमेकरला पण सांडलेलं लागतं का?

---

लिनॅकवाला:

अंतर भरपूर आहे त्यामुळे डोस नगण्य, पण बीम किती एमव्हीची ते विचारा. प्रोस्टेटला खोलवर पोचायला काही ठिकाणी १५ किंवा १८ एमव्ही वापरतात, त्यात डोक्यातल्या टंगस्टन-शिशावर आदळून न्यूट्रॉन सुटतात आणि न्यूट्रॉनला अंतराचं फारसं सोयरसुतक नसतं, ते खोलीभर फिरतात. पेसमेकरची चिप त्याने रीसेट होऊ शकते. एएपीएमच्या २०१९ च्या मार्गदर्शनात यंत्राला ५ ग्रेच्या वर लागणार असेल किंवा न्यूट्रॉन तयार करणारी बीम असेल तर जास्त धोक्याचा गट धरलाय. ६ किंवा १० वर प्लॅन केला की निम्मी काळजी मिटली. चिठ्ठी मात्र आणाच, हृदय पेसमेकरवर किती अवलंबून आहे ते त्यात असतं.

---

शंकासुर:

रोज उपचाराआधी जो छोटा स्कॅन काढतात जागा जुळवायला, सीबीसीटी, तो कुणी हिशेबात धरतं का? माझ्या काकांचे ३५ झाले होते.

---

लिनॅकवाला:

शाबास, हा प्रश्न आमच्या कॉन्फरन्समध्ये पण कमी लोक विचारतात. मोडनुसार एका स्कॅनला साधारण अर्ध्या सेंटिग्रेपासून दोन-तीन सेंटिग्रेपर्यंत. ३५ वेळा म्हणजे वरच्या टोकाला १ ग्रे होतो, आणि तो फील्डपुरता नाही, स्कॅनमध्ये येणाऱ्या सगळ्या भागाला. २०१८ ची शिफारस अशी की इमेजिंगचा डोस उपचाराच्या डोसच्या ५ टक्क्यांच्या वर जाणार असेल तर प्लॅनमध्ये धरा. मोठ्या माणसात सहसा जात नाही. पण स्कॅन काढलाच नाही आणि बीम पाच मिलिमीटर सरकून गुदाशयावर पडली तर त्याचं नुकसान या १ ग्रेपेक्षा कितीतरी जास्त, आणि ते वीस वर्षांनी नाही, त्याच महिन्यात दिसतं. लहान मुलांमध्ये मात्र मोड हलका करायचा, लांबी कमी करायची, हे सगळं भांडून करून घ्यायला हवं.

आणि आधी तुम्ही जे धंद्याबिंद्याचं म्हणालात त्यावर एक आकडा देऊन सोडतो. अमेरिकेतल्या कॅन्सर नोंदींवरून २०११ मध्ये हिशेब केला होता. रेडिएशन घेतलेल्या मोठ्या माणसांना पुढे जे दुसरे कॅन्सर झाले त्यातले साधारण ८ टक्के रेडिएशनमुळे, म्हणजे निदानानंतर १५ वर्षांत दर १००० पेशंटमागे ५ जास्तीचे. बाकीचे वय, तंबाखू, जनुकं. ते ५ जण खरे आहेत, मी त्यांना शून्य म्हणत नाही. पण त्यासाठी आधी १५ वर्षं जगावं लागतं, ती वर्षं पण त्याच किरणांनी दिलेली असतात.

---

शंकासुर:

हे शेवटचं वाक्य जरा जास्तच झालं, पण आकडा घेतला.

---

आभाळवेडी:

अपडेट. काल सातवं सिटिंग झाल्यावर फिजिसिस्टना भेटले. मला वाटलेलं कुणी म्हातारे गंभीर असतील, तर एक तिशीतली मुलगी, केसात पेन खोचलेलं. मी कागदावर तीन प्रश्न लिहून नेले होते. तिने कागद वाचला आणि म्हणाली हे कुणी सांगितलं विचारायला 😀 मग खुर्ची सरकवून स्क्रीन दाखवली. माझीच छाती आडवी कापल्यासारखी, डावीकडे लाल पिवळा पट्टा, आणि उजवीकडे जवळजवळ सगळं काळं, फक्त मधल्या हाडाजवळ निळसर कड. सरासरी ०.६ ग्रे. पाचर नाही. नोड्सना देत नाहीयेत, त्यामुळे थायरॉइड लांब. हृदयाचा पण दाखवला, श्वास धरलेला आणि न धरलेला असे दोन स्कॅन शेजारी शेजारी, मधे चक्क फट दिसते काळी. ती फट माझ्या २० सेकंदांची आहे म्हणाली.

व्हीमॅटचं पण विचारलं. तिने माझ्यासाठी दोन्ही प्लॅन करून बघितले होते! व्हीमॅटमध्ये उजवीकडचा २.४ येत होता म्हणून टाकून दिला. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर चार रात्री वाचल्या असत्या, मी तसं म्हटलं पण. ती म्हणाली, खरंय.

आज आठव्याला चकत्या लावल्या, तीन, छोट्या प्लॅस्टिकच्या पुड्यांत, उजव्या बाजूला कागदी टेपने. त्या टेक्नॉलॉजिस्ट ताईनेच लावल्या, ती हसणारी. संध्याकाळी आकडा आला. निपलजवळ ५.५ सेंटिग्रे एका सिटिंगचे. १५ चे ८२ होतात. दादा, प्लॅनमध्ये ०.६ आणि इथे ०.८, हे ते सॉफ्टवेअर कमी दाखवतं म्हणालात तेच का?

---

लिनॅकवाला:

थोडं ते, पण जास्त करून हे की चकती कातडीवर होती. मशीनच्या डोक्यातून आणि हवेतून काही इलेक्ट्रॉन भरकटत येतात ते वरच्या पाच-दहा मिलिमीटरमध्येच संपतात, त्यामुळे कातडीवरचा आकडा आतल्यापेक्षा मोठा येतो. ब्रेस्टचं टिश्यू त्याच्या खाली. म्हणजे आतला ०.८ पेक्षा कमीच धरा. १ च्या खाली आहात. छान प्लॅन आहे, त्या पेनवालीला माझा नमस्कार सांगा.

पुढे मॅमोग्राम दर वर्षी, उजवा पण. ते तसंही सांगतीलच.

---

दुसरी_इनिंग:

प्रिंट घेतलीस का?

---

आभाळवेडी:

घेतली. दोन्ही प्लॅनची, आणि चकत्यांच्या आकड्याखाली तिची सही. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातलीय, वर मुलीने स्केचपेनने 'आईचे किरण' लिहिलंय.